२०१९ ची वॅगनआर कोकणात घेताना: तीन रिकॉल, नेहमीच्या तक्रारी आणि खारा गंज

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वॅगनआर १.० पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पहिला मालक ठाण्याचा, गाडी सध्या रत्नागिरीत एका दलालाकडे उभी. आरसीवर उत्पादनाचा महिना ऑगस्ट २०१९, नोंदणी ऑक्टोबर २०१९, मीटरवर ५८ हजार किलोमीटर. दलालाचं म्हणणं, ‘या मॉडेलला रिकॉल होता, पण तो केव्हाच मिटला.’ (रिकॉल म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं.) गाडी महिन्यातून चार-पाच वेळा फोंडा किंवा करूळ घाटातून कोल्हापूरला जाणार, एरवी गावात आणि बंदरावर फिरणार. घ्यावी का?

इंजिनापुरतं बोलायचं तर हरकत घेण्यासारखं काही नाही. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं हे इंजिन मारुतीने बरीच वर्षं वेगवेगळ्या गाड्यांत वापरलं आहे. टायमिंगला पट्टा नसून चेन आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि वेळेवर ऑइल बदललं असेल तर ५८ हजार हे त्याचं वय नव्हे. पण ‘रिकॉल होता’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण या मॉडेलला एक नव्हे तर तीन रिकॉल झाले आणि ऑगस्ट २०१९ हा नेमका असा महिना आहे की त्यात तिन्ही एकमेकांवर येतात.

पहिला रिकॉल ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झाला. १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या १.० लिटरच्या ४०,६१८ गाड्या त्यात होत्या. पेट्रोलचा होज (रबरी नळी) धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता हे कारण होतं. दुसरा जुलै २०२० चा, इंधन पंपाचा: १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ मधल्या ५६,६६३ वॅगनआर आणि त्यांच्यासोबत ७८,२२२ पेट्रोल बलेनो. तिसरा मार्च २०२४ चा, पंपाच्या मोटरमधल्या एका भागाचा: ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ दरम्यानच्या ४,१९० वॅगनआर आणि ११,८५१ बलेनो. तुमची गाडी १२ ऑगस्टपर्यंत बनली असेल तर ती तिन्ही तारखांच्या आत येते. १३ ऑगस्टनंतरची असेल तर शेवटच्या दोन्हींच्या. अर्थात त्या काळात बनलेली प्रत्येक गाडी यादीत असतेच असं नाही. तिसऱ्या रिकॉलचा आकडा लहान आहे, त्यावरूनच ते कळतं. आरसीवर फक्त महिना असतो, म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते चासी नंबरवरून.

दुसऱ्यांदा विकलेल्या गाडीत घोळ इथेच होतो. रिकॉलचा फोन किंवा पत्र कंपनीकडे नोंदलेल्या मालकाला जातं, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्याला. २०२० चा रिकॉल जाहीर झाला तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते, अनेकांनी गाडी नेली नाही. २०२४ च्या वेळी गाडी विकून झाली असेल तर ठाण्याच्या त्या माणसाने मेसेज पाहून सोडून दिला असेल. दलाल खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, पण त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. ‘मिटला’ हा शब्द जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीत, दिसला पाहिजे.

तपासायचं असं. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीच्या पत्र्यावर कोरलेला नंबर एकच आहे का, हे आधी बघा. नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. मारुतीचा ‘एम-ए-३’ ने सुरू होतो आणि पुढे १४ असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, तेव्हा गंजलेल्या पत्र्यावर गोल काही दिसलं तर ते शून्य समजा. नंबरभोवती ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पुढे बोलणं नको. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठीच्या माहितीच्या भागात टाकला की गाडी यादीत आहे का ते कळतं. पण तेवढ्यावर थांबू नका. जवळच्या अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला तोच नंबर द्या आणि दोन गोष्टी मागा: कोणते रिकॉल बाकी आहेत आणि आजवरच्या सर्व्हिसची यादी. काम झालेलं असेल तर तारीख, वर्कशॉप आणि बदललेला भाग दिसतो. बाकी असेल तर ते कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये मोफत होतं. मालक पहिला की तिसरा याचा संबंध नाही. काम करून घेऊन मगच गाडी द्यायची, ही अट दलालाला बयाण्याआधी घाला. नंतर घातलेली अट कोणी पाळत नाही.

सर्व्हिसच्या यादीचा दुसरा उपयोग म्हणजे मीटरची पडताळणी. दर भेटीला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२२ मध्ये ७१ हजार आणि आज ५८ हजार, असं दिसलं तर विषय संपला.

आता पंपाला एवढं महत्त्व का, ते सांगतो. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो. त्यात इम्पेलर नावाची प्लास्टिकची पातळ चकती वेगाने फिरून पेट्रोल पुढे ढकलते. त्या सुमारास जगभर ज्या पंपांचे रिकॉल झाले त्यांत दोष असा होता की इम्पेलरचं प्लास्टिक पुरेसं घट्ट नव्हतं. ते पेट्रोल शोषून फुगायचं, पंपाच्या अंगाला घासायचं आणि मोटर अडकायची. होंडाने २०२० मध्ये अमेझ, सिटी, जॅझ वगैरे २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या बोलावल्या, तेव्हा दोष इम्पेलरचा असल्याचं सांगितलं होतं. मारुतीने आपल्या २०२४ च्या रिकॉलमध्ये लक्षण सांगितलं ते असं: क्वचित प्रसंगी चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं किंवा चालू होताना अडचण येऊ शकते. असा दोष हळूहळू वाढत असेल तर ट्रायलला गाडी उत्तम चालेल आणि सहा महिन्यांनी दुपारच्या उन्हात, टाकी कमी असताना, चढावर गचके देईल. म्हणून ‘चालवून बघितली, मस्त आहे’ हा रिकॉलला पर्याय होत नाही.

तरीही ट्रायलला एक करा. गाडी रात्रभर उभी असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा, चावी ऑनवर आणा आणि स्टार्टर मारू नका. मागच्या सीटकडून दोनेक सेकंद एकसारखा बारीक घूंऽऽ असा आवाज आला पाहिजे. तो अडखळत आला, कर्कश आला किंवा दोन-तीनदा चावी फिरवल्यावर इंजिन धरत असेल, तर प्रेशर गेज लावून घ्या. मग अर्धा तास चालवून इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम इंजिनाला लांब सेल्फ लागत असेल तर पंप, इंजेक्टर किंवा क्रँक सेन्सर यांपैकी काहीतरी मागे लागणार आहे. होजसाठी बॉनेट उघडा आणि नाकाने बघा: पेट्रोलचा वास, होजवर ओलसर काळपट डाग, क्लॅम्पजवळ रबर झिजून पांढरं पडलेलं. आता सर्वत्र २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१९ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आधी जुनं पेट्रोल संपवून टाकी ताजी भरून ठेवा, आणि होज दर सर्व्हिसला बघायला सांगा.

घाट उतरताना इंजिन बंद पडलंच तर काय करायचं, हे गाडी कोणतीही असो, माहीत हवं. गाडी गिअरमध्ये असेल तर क्लच लगेच दाबू नका. चाकं इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे ब्रेक बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम मिळत राहतो आणि इंजिन-ब्रेकही टिकतो. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन जोरकस ब्रेक मिळतात, पुढे पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पंप करायचा नाही. एकदाच, दाबून, धरून ठेवायचा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. चावी पूर्ण बंद करू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका. हॅझार्ड लावून डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या बाजूला नको.

रिकॉल आणि तक्रार यात लोक गल्लत करतात, तीही दूर करतो. शॉक वाजतो, क्लच जड आहे, एसी कमी पडतो, या तक्रारी. त्यांचा खर्च मालकाचा. रिकॉल म्हणजे बनवतानाच राहिलेला, सुरक्षिततेला बाधणारा दोष. २०१२ पासून कंपन्या आपणहून रिकॉल जाहीर करत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले: ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे. तुमच्या गाडीची सात वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दोषाची तक्रार नोंदवण्याची सोय आहे. रिकॉल बाकी असूनही एखाद्या वर्कशॉपने पैसे मागितले तर भांडत बसू नका. चासी नंबर आणि जॉबकार्डाचा फोटो जोडून कंपनीला ईमेल करा, आणि उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करा.

आता कोकण. माझ्या मते या व्यवहारात रिकॉलच्या खालोखाल बॉटम, म्हणजे गाडीचा खालचा भाग, महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण तोच बघत नाहीत, कारण रॅम्पवर गाडी चढवायला दलाल कुरकुरतो. चढवल्याशिवाय घेऊ नका. २०१९ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत या मॉडेलला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. मुळात पत्रा हलका, त्यात तो गंजलेला असेल तर अपघातात उरलंसुरलं बळही जातं.

समुद्राकाठचा गंज घाटावरच्या गंजासारखा नसतो. वाऱ्यातून मीठ येतं, जांभ्याची तांबडी माती चाकाच्या कमानीत चिकटते, आणि ती माती मीठ आणि ओल दोन्ही धरून ठेवते. वरून गाडी धुतलेली चकचकीत, आत कमानीच्या कडेला मात्र बोटभर जाडीचा चिखलाचा थर. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढायला सांगा आणि खालचा पत्रा टोचून बघा. वरवरचा तांबूस रंग चालेल. पापुद्रे सुटत असतील, टोक आत जात असेल, तर नाही. दाराखालच्या उंबऱ्याला तळाशी पाणी निघायला भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साठून पत्रा आतून सडतो आणि बाहेर फक्त रंगाखाली फोड दिसतात. पुढच्या शॉकच्या वरच्या टोकाची जागा, लोअर आर्म जिथे बसतो ती सबफ्रेमची कान-पट्टी, मागचा ॲक्सल बीम आणि त्यावर बसणाऱ्या स्प्रिंगच्या वाट्या, ब्रेकच्या पाइपा आणि त्यांच्या क्लिपा, या जागा टॉर्च मारून एकेक बघायच्या. ब्रेकच्या पाइपवर खरबरीत फोड असतील तर पाइप बदलायचीच, रंग मारून चालत नाही. आणि विकण्याआधी नुकतंच केलेलं काळं अंडरकोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. गंजावर मारलेलं कोटिंग खाली ओल कोंडून ठेवतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐका: चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बदबद.

डिकीतली चटई आणि स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. बंदरावरून मासळी आणणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी तिथेच साठतं. खड्ड्याच्या तळाला आणि जॅकच्या पट्टीला गंज असेल तर गाडीने बांगड्यांच्या पेट्या वाहिल्यात हे समजून घ्या. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून पळवलेल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात: सपाट जागी उभी करून मागच्या दोन्ही चाकांवरचं अंतर मोजा, दोन बाजूंत फरक दिसला किंवा मागची बाजू लोळलेली दिसली तर स्प्रिंगा आणि शॉक धरून भाव करा. पुळणीवर फिरवलेली गाडी ओळखायची तर पुढच्या बंपरच्या आत आणि सीटच्या रेल्समध्ये बारीक वाळू शोधा.

पुराचा प्रश्न तुमच्या बाबतीत खास आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं आणि महाडला सावित्रीचं पाणी भरलं. त्या पाण्यात गेलेल्या पुष्कळ गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. ठाण्याची गाडी रत्नागिरीत कशी आणि केव्हा आली, हे विचारा. विम्याची कागदं इथे कामाला येतात. नोंदणी ऑक्टोबर २०१९ ची, म्हणजे क्लेम नसेल तर ऑक्टोबर २०२० च्या नूतनीकरणात नो-क्लेम बोनस २० टक्के, २०२१ ला २५, पुढे ३५, ४५, ५० असा चढत जातो. ऑक्टोबर २०२१ च्या पॉलिसीवर शून्य दिसलं तर त्याआधीच्या वर्षात क्लेम झालाय. कशाचा ते विचारा. (बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, मधेच मालक बदलला असेल तर शून्य त्यामुळेही दिसतो.) गाडीत बसून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळीजवळच्या शेवटच्या वितीवर आडवी मळकट रेघ असेल तर तिथवर पाणी आलं होतं. सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट भुकटी दिसते का तेही बघा.

एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा गाडीच्या मधोमध, खाली जमिनीलगत असतो, म्हणून पुरात सर्वांत आधी तोच भिजतो. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. सतत लागून राहिला तर दोष आहे. लागलाच नाही तर त्याहून वाईट: दिवा काढलेला आहे किंवा दुसऱ्या दिव्याला जोडून विझवलेला आहे. या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही व्हेरिएंटमध्ये फक्त चालकाच्याच बाजूला एअरबॅग होती, तेव्हा आपली कोणती ते बघून घ्या.

बजेट कमी करून २०१२-१३ च्या जॅझ किंवा सिटीकडे वळण्याचा विचार कुणी करत असेल तर इथेच सांगतो. होंडाने २०१७ च्या जानेवारीत २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या आणि २०१८ च्या जानेवारीत २०१३ च्या २२,८३४ गाड्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरसाठी (एअरबॅग फुगवणाऱ्या भागासाठी) बोलावल्या होत्या. त्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट असतं. दमट हवा आणि वर्षानुवर्षं होणारा उष्णतेचा चढउतार यांनी ते बिघडतं, आणि एअरबॅग फुगताना धातूचं कवच फुटून तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. अमेरिकेतही सर्वाधिक धोका फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट किनाऱ्यांना धरला गेला. आपली हवा तशीच आहे. अशा गाडीत इन्फ्लेटर बदलल्याची नोंद दिसली नाही तर तो बदलून होईपर्यंत ती चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या तक्रारी नेहमीच्या, पैशाने सुटणाऱ्या. खड्ड्यात पुढून खटखट आली तर स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग झटपट डावी-उजवी हलवल्यावर टकटक आली तर रॅक किंवा टाय-रॉड. मागे ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेक ओढून पावसात उभी ठेवलेली गाडी सकाळी ‘टक्’ करून सुटते, कारण लायनर ड्रमला चिकटतात. दोन्ही ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलायला सांगा. आत ओल असेल तर नवीन सिलिंडर. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच. ते ओलावा पितं आणि लांब उतारावर उकळतं. क्लच तपासायला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा: आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही तर प्लेट गेली. बॅटरी बंद गाडीत १२.५ व्होल्टच्या वर आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दाखवायला हवी. कमी दाखवली तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी बॉडीवरची अर्थ वायर सोडवून घासा, किनाऱ्यावर तीच आधी गंजते. वाडीत उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, हे एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. पालापाचोळा आणि लेंड्या तिथेच सापडतात.

भाव करताना रिकॉलच्या कामाचे पैसे कापून मागू नका, ते मोफतच आहे. गंज, स्प्रिंगा, ब्रेक आणि टायर यांचे मागा. टायरच्या अंगावरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २०१९ चेच टायर असतील तर नक्षी कितीही उरलेली असो, नवीन चार टायर हिशोबात धरा.

कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. गोव्याची पाटी असती तर एनओसी आणि इथला कर वेगळा लागला असता. ठाण्याच्या एमएच-०४ ला तो त्रास नाही. आरसी तुमच्या नावावर आली की त्याच आठवड्यात अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन कंपनीच्या नोंदीतलं मालकाचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घ्या. चौथा रिकॉल निघालाच तर फोन ठाण्याला नाही, देवगडला आला पाहिजे.